पॅरिसला जाताय? कपड्यांबद्दल तुम्ही विचारलेले प्रश्न

उन्हाळी टूर्सचं बुकिंग सुरू झालं की या सदरात येणाऱ्या प्रश्नांचा नूरच बदलतो, व्हिसा आणि युरोचा रेट बाजूला राहतो आणि कपड्यांचे प्रश्न सुरू होतात. त्यातही पॅरिस! लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला काय घालू असं फारसं कोणी विचारत नाही, पण पॅरिसचं नाव निघालं की चांगल्या चार ठिकाणी फिरून आलेल्या माणसांनाही टेन्शन येतं. मी पॅरिसच्या उपनगरात राहते, कामाला रोज मेट्रोने शहरात जाते, तेव्हा जे रोज डोळ्यांना दिसतं ते धरून उत्तरं देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही कॉलेजच्या मैत्रिणी पॅरिसला चाललोय. सगळ्यांनी लाल बेरे टोपी आणि निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट घ्यायचा असं ठरतंय, म्हणजे तिथल्या लोकांत मिसळून जाऊ. एक जण म्हणते की हे तिथं कोणीच घालत नाही. कोणाचं बरोबर? (पुणे)

उत्तर : टोपीच्या बाबतीत तुमची मैत्रीण जवळजवळ बरोबर, टी-शर्टच्या बाबतीत नाही.

बेरे मुळात पॅरिसची नाहीच. ती फ्रान्सच्या पार दक्षिणेला, स्पेनच्या सीमेवर पिरेनीज डोंगर आहेत ना, तिथल्या बेआर्न भागातल्या मेंढपाळांची लोकरीची चपटी, गोल टोपी, पाऊस-थंडी-ऊन सगळ्याला चालणारी. आजही तिकडे ओलोरों-सँत-मारी नावाच्या गावात १८४० पासून चालू असलेला बेरेचा कारखाना आहे. पॅरिसमध्ये हिवाळ्यात काही म्हाताऱ्या बायका आणि एखादे आजोबा बेरेमध्ये दिसतात, हल्ली काही तरुण मुलीही घालतात, पण लाल बेरे घातलेला चार-पाच जणींचा घोळका मोंमार्त्र या टुरिस्टांच्या टेकडीवरच्या चौकात दिसला की त्या बाहेरून आल्यात हे शेंबडं पोरही सांगेल, कारण तिथल्याच स्टॉलवर त्या टोप्या ढिगाने विकायला असतात.

मग फ्रेंच माणूस म्हणजे बेरे, पट्ट्यांचा शर्ट आणि सायकल हे चित्र आलं कुठून? त्याचं एक मोठं कारण म्हणजे फ्रान्सच्याच वायव्येकडच्या ब्रिटनी भागातल्या रोस्कोफ बंदरातले कांदेवाले. १८२८ पासून हे लोक होडीने समुद्र ओलांडून इंग्लंडला कांदे विकायला जायचे, पुढे सायकली आल्या तसे सायकलच्या हँडलला गुलाबी कांद्यांच्या माळा लटकवून दारोदार फिरायचे. इंग्लंडमधल्या साध्या माणसाने आयुष्यात जवळून बघितलेला फ्रेंच माणूस बऱ्याचदा हाच, त्यामुळे त्याचंच चित्र सगळ्या फ्रान्सवर बसलं आणि कार्टूनमधून, जाहिरातींतून आपल्यापर्यंत आलं. त्यात पॅरिसचा संबंध कुठेच नाही. हे म्हणजे लग्नाच्या वरातीतले फेटे बघून पुण्यात सगळे रोज फेटा बांधून ऑफिसला जातात असं समजण्यासारखं झालं.

टी-शर्टची गोष्ट वेगळी. तो फ्रेंच नौदलातल्या खलाशांचा, १८५८ च्या सरकारी हुकमाने ठरवून दिलेला, २१ पांढरे पट्टे आणि मधले निळे पट्टे त्यांच्या निम्म्या रुंदीचे. गाईड लोक सांगतात की नेपोलियनच्या २१ विजयांचे ते पट्टे आहेत, त्या गोष्टीला आधार नाही. पुढे कोको शानेल या फॅशन डिझायनरने दोव्हिलच्या समुद्रकिनाऱ्यावर दुकान काढलं १९१३ मध्ये, आणि खलाशांचे हे असले सुटसुटीत कपडे श्रीमंत बायकांच्या अंगावर आले. आज हा टी-शर्ट पॅरिसमध्ये खरंच लोक घालतात, लहान मुलं, आजीबाई, ऑफिसातले पुरुष, सगळेच, पण जुन्या जीन्सवर, वर एखादं जॅकेट टाकून. त्याच्यावर टोपी आणि गळ्यात लाल रुमाल आला की मग तो ड्रेस राहत नाही, नाटकातला वेष होतो.

फोटोसाठी घाला ना, कोणी अडवत नाही, हौसेला मोल नाही आणि कॉलेजच्या वयात ही हौस नाही करायची तर कधी. फक्त यामुळे मिसळून जाऊ हा हिशोब सोडून द्या.

प्रश्न : ग्रुप टूरने चाललोय. बहीण म्हणते पॅरिसच्या बायका रोज हील्स, लिपस्टिक, डिझायनर पर्स अशा थाटात असतात, आपले कुर्ती-लेगिंग्ज बघून दुकानात-हॉटेलात नीट वागवत नाहीत. मला खरंच नवीन कपडे घ्यावे लागतील का? पन्नाशीची आहे, हील्सची सवय नाही. (ठाणे)

उत्तर : ताई, नका घेऊ. या प्रश्नाला जरा मोठं उत्तर देते कारण हा एकटीचा नाही, हाच प्रश्न जळगावहून, सोलापूरहून, बेळगावहूनही आलाय, आणि एका ताईंनी तर साध्या कपड्यांच्या भीतीने टूरच कॅन्सल करायचा विचार केला होता, ते वाचून मला फार वाईट वाटलं.

पॅरिस शहरात २१ लाखांच्या आसपास माणसं राहतात, उपनगरं धरली तर कितीतरी जास्त, आणि ही सगळी माणसं सकाळी कामाला जातात. सकाळी आठला १३ नंबरच्या मेट्रोत उभं राहिलं की काय दिसतं सांगते. रंगाचे डाग पडलेली जाड पँट आणि सेफ्टी शूज घातलेला रंगारी, गडद निळा कोट घातलेली एक बाई जिच्या पायात पांढरे स्निकर्स आहेत आणि ऑफिसचे बूट खांद्यावरच्या कापडी पिशवीत, ट्रॅकसूटमधली शाळेची पोरं, डोक्याला झगझगीत आफ्रिकन कापड बांधलेली आणि त्याच कापडाचा पायघोळ झगा घातलेली काकू, कानात इअरफोन घालून झोपलेला हॉटेलातला वेटर ज्याचा पांढरा शर्ट जॅकेटच्या आत इस्त्रीचा कडक आहे. हील्स? दिवसभर बघितल्या तर दोन-चार दिसतील. ज्या शहरात मेट्रोचे एवढे जिने, १४ नंबरची लाईन सोडली तर लिफ्टचा भरवसा नाही, वर आल्यावर दगडी फरसबंदीचे रस्ते, तिथं रोज हील्स घालून कोण चालणार? पॅरिसच्या बायका खूप चालतात, भरभर चालतात, आणि त्यांच्या पायात चालायचे बूट असतात.

डिझायनर कपड्यांचं म्हणाल तर ते पॅरिसमध्ये बनतात हे खरं आणि पॅरिसची माणसं ते घालतात हे खोटं. ओत कुत्युर म्हणून जे मापाचे, हाताने शिवलेले महागडे कपडे असतात, त्या नावालाच फ्रान्समध्ये १९४५ पासून कायद्याचं संरक्षण आहे, कोणीही उठून आपल्या दुकानावर ते लावू शकत नाही. त्याचं गिऱ्हाईक जगभरातलं अतिश्रीमंत. अव्हेन्यू माँतेन्य या रस्त्यावरच्या महागड्या शोरूम्ससमोर रांगेत उभी असणारी माणसंही बरीचशी परदेशीच असतात.

पॅरिसच्या साध्या घरातले कपडे कुठून यायचे हे बघायचं असेल तर ताती नावाच्या दुकानाची गोष्ट बघा. १९४८ मध्ये बार्बेस भागात सुरू झालं, गुलाबी-पांढऱ्या चौकड्यांची त्याची पिशवी सगळ्या शहराला माहीत, कपडे मोठ्या पेट्यांमध्ये ओतून ठेवलेले असायचे आणि बायका हात घालून उपसून घ्यायच्या, आपल्याकडे सेलला होतं तसंच. मोलकरणी, नर्सेस, नव्याने आलेली अल्जेरियन-ट्युनिशियन कुटुंबं, लग्न ठरलेल्या मुली, सगळे तिथेच. १९९१ मध्ये अझेदीन अलाया या मोठ्या डिझायनरने त्याच चौकड्यांवर आपलं कलेक्शन केलं, म्हणजे फॅशनने ताती उचललं, उलटं नव्हे. बार्बेसचं ते दुकान २०२१ मध्ये बंद झालं तेव्हा इथल्या जुन्या माणसांना घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं. आता लोक सेलमध्ये, सुपरमार्केटमध्ये, नाहीतर फोनवरून सेकंडहँड कपडे घेतात, आणि सेकंडहँडची इथं कोणाला लाज नाही, मला तर ही गोष्ट फारच आवडते.

मग फोटोंमध्ये दिसते ती पॅरिसची बाई कोण? ती आहे, नाही असं नाही, सहाव्या-सातव्या वॉर्डात सीन नदीच्या डाव्या काठाला तुम्हाला दिसेल, बेताचा मेकअप, चांगल्या शिलाईचा कोट, साधी पण महाग बॅग. शहराचे २० वॉर्ड आहेत आणि कॅमेरे नेहमी त्याच तीन-चार वॉर्डांत फिरतात. वेब सिरीजमध्ये उरलेली माणसं दिसतच नाहीत.

आता दुकानातल्या वागणुकीचं. ही तक्रार खरी आहे, आपल्या बऱ्याच लोकांना पॅरिसचे दुकानदार तुसडे वाटतात, पण त्याचा तुमच्या कुर्तीशी संबंध नाही. इथं दुकानात पाय टाकला की आधी "बोंजूर" म्हणायचं, संध्याकाळ असेल तर "बोंस्वार", आणि निघताना "मेर्सी, ओ रव्हार". आपण काय करतो, आत जातो, वस्तू उचलतो, थेट "हाऊ मच?" विचारतो. इथल्या माणसाला ते तोंडावर मारल्यासारखं लागतं, अगदी बेकरीवाल्यालासुद्धा. तुम्ही कुर्ती-लेगिंग्जमध्ये या, पायात मऊ बूट घाला, आत शिरताना हसून बोंजूर म्हणा आणि काय फरक पडतो ते बघा. माझ्या शेजारणीची आई सांगलीहून आली होती, फ्रेंचचा दुसरा शब्द येत नव्हता, पण खालच्या भाजीवाल्याला रोज न चुकता बोंजूर म्हणायची, तर तिसऱ्या दिवसापासून तो तिला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागला.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, कायम साडीत असतात, नऊवारी नाही, सहावारी. टिकली, मंगळसूत्र, पाटल्या. फ्रान्समध्ये धार्मिक कपड्यांवर बंदी आहे असं ऐकलं. त्यांना पंजाबी ड्रेस घालायला लावू का? त्या तयार नाहीत. (नाशिक)

उत्तर : अजिबात लावू नका. आयुष्यभर साडीत वावरलेल्या बाईला परक्या देशात, परक्या कपड्यात ढकललं तर त्यांची अर्धी ट्रिप ओढणी सांभाळण्यातच जाईल.

कायद्याचं आधी. फ्रान्समध्ये दोन कायदे आहेत आणि आपल्याकडे त्यांची सरमिसळ होते. एक २००४ चा, सरकारी शाळांमध्ये विद्यार्थ्यांनी ठळक धार्मिक चिन्हं घालायची नाहीत. दुसरा २०१० चा, एप्रिल २०११ पासून लागू, सार्वजनिक जागी चेहरा झाकायचा नाही. टुरिस्टला लागू होतो तो हा दुसरा, आणि त्यातही आजारपणासाठी लावलेला मास्क चालतो. साडी, टिकली, मंगळसूत्र, डोक्यावरचा पदर यातल्या कशालाच बंदी नाही.

आणि साडी म्हणजे पॅरिसला नवीन नाही हो. गार द्यु नोर स्टेशनच्या मागे ला शापेल म्हणून भाग आहे, तिथं श्रीलंकेतून आलेले तमिळ लोक मोठ्या संख्येने आहेत, साड्यांची, सोन्याची, भाजीपाल्याची दुकानं ओळीने, कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगासुद्धा मिळतात. तिथल्या बायका थंडीत जशी साडी नेसतात तशीच तुमच्या सासूबाईंना सुचवा: आत थर्मल, ब्लाऊजच्या जागी पूर्ण बाह्यांचा गळाबंद स्वेटर, वरून साडी, त्यावर फुगीर पफर जॅकेट, पायात लोकरी मोजे आणि बूट. सुरुवातीला आपल्याला विचित्र वाटतं पण त्या बायका अशाच भरभर जिने चढतात. तिथं १९८५ पासूनचं गणपतीचं देऊळही आहे, आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात रथाची मिरवणूक निघते, दुकानांपुढे हळद लावलेल्या नारळांच्या राशी, कापूर, मोरपिसांनी सजवलेल्या कावडी खांद्यावर घेऊन नाचणारे लोक, आणि फ्रेंच शेजारी फुटपाथवर पोरांना खांद्यावर घेऊन बघत उभे. तुमची ट्रिप त्या सुमारास असेल तर सासूबाईंना तिथं नक्की न्या, आयफेल टॉवरपेक्षा जास्त खूश होतील.

काळजी घ्यायची ती वेगळ्या गोष्टींची. सरकत्या जिन्यावर निऱ्या जरा वर खोचून घ्यायच्या, साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसायची. आयफेल टॉवरच्या वरच्या मजल्यावर खूप वारा असतो, पदराला दोन पिना जास्त. साक्रे कर चर्चच्या दोनशेवर पायऱ्या आहेत, त्या चढायला लावू नका, शेजारी केबलवर चालणारा डबा आहे तो घ्या. आणि पाटल्या घरी ठेवा, अगदी हात जोडून सांगते. मंगळसूत्र काळ्या मण्यांचं साधं, स्वेटरच्या आत. सोनं ओढून नेण्याचे प्रकार इथं होतात आणि आशियाई बायकांच्या अंगावर खरं सोनं असतं हे चोरांना चांगलं माहीत आहे.

प्रश्न : लोकल माणसासारखे कपडे घातले की पाकीटमार लांब राहतात हे खरं आहे का? मी काळी जीन्स, काळं जॅकेट घ्यायच्या विचारात आहे. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काळं जॅकेट घ्या, उपयोगी कपडा आहे, मळतही नाही. पण त्याच्या भरवशावर राहू नका, हा समज फार महागात पडतो.

पाकीटमार कपडे बघत नाही, तुम्ही कुठे बघताय ते बघतो. मेट्रोच्या दारापाशी उभं राहून हातात फोन धरून मॅप बघणारा माणूस त्याला हवा असतो, मग तो कितीही काळ्या कपड्यात असो. स्टेशन आलं, दार बंद व्हायच्या क्षणाला फोन हिसकला, बाहेर उडी, दार बंद, गाडी सुटली, तुम्ही आत. १ नंबरची लाईन, जी लूव्ह्र म्युझियम आणि शाँझेलिझे रस्त्याकडे जाते, आणि विमानतळावरून येणारी आरईआर बी ही लोकल, या दोन ठिकाणी डोळे उघडे ठेवा. स्वतः पाकीटमार कसे दिसतात विचाराल तर बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांच्या नीटनेटक्या मुली, टुरिस्टसारखाच नकाशा हातात घेतलेल्या. साक्रे करच्या पायथ्याशी मनगटाला दोरा बांधायला येणारे पुरुष, टॉवरजवळ कागदावर सही मागणाऱ्या मुली, रस्त्यात सापडलेली सोन्याची अंगठी "तुमची का?" म्हणून दाखवणारा माणूस, तिघांनाही हात खिशात ठेवून "नों" म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबायचं नाही.

मागच्या खिशात काहीही नको. पासपोर्ट शर्टाच्या आत, गळ्यातल्या पाऊचमध्ये, आणि दिवसाचे पैसे वेगळ्या खिशात, म्हणजे दर वेळी ते पाऊच बाहेर काढावं लागणार नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर आलं की पॅरिसमध्ये बायकांनी पँट घालायला कायद्याने बंदी आहे. मुलगी जीन्सशिवाय काही घालत नाही. खरं काय? (अकोला)

उत्तर : मेसेज अर्धा खरा होता, एके काळी.

नोव्हेंबर १८०० मध्ये पॅरिसच्या पोलीस प्रमुखाने हुकूम काढला होता की बाईला पुरुषाचे कपडे घालायचे असतील तर पोलिसांकडून परवाना घ्यायचा, डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून. रोझा बोनर नावाची प्राण्यांची चित्रं काढणारी मोठी चित्रकार होऊन गेली, घोड्यांच्या बाजारात आणि कत्तलखान्यात जाऊन ती स्केचेस करायची, तिथल्या चिखल-गर्दीत लांब झगा सांभाळणं शक्य नव्हतं, तिने १८५७ मध्ये असा परवाना काढला होता आणि तो दर सहा महिन्यांनी नवीन करून घ्यावा लागे. विचार करा, एवढी नाव कमावलेली बाई आणि पँटसाठी पोलिसात अर्ज! नंतर १८९२ आणि १९०९ मध्ये सूट मिळाली, हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. पुढे तो हुकूम कोणी पाळत नव्हतं पण कागदावरून काढायचाही राहिला, आणि शेवटी ३१ जानेवारी २०१३ ला सरकारने लेखी सांगितलं की याला आता काही कायदेशीर अर्थ नाही.

मुलीला जीन्स खुशाल घालू द्या. आणि तिला ही रोझा बोनरची गोष्ट सांगा.

प्रश्न : जुलैमध्ये जातोय. युरोपात पुरुष शॉर्ट्स घालत नाहीत, घातली की टुरिस्ट म्हणून ओळखतात, खरं का? आणि चर्चमध्ये, ऑपेरात, हॉटेलच्या बाहेरच्या स्विमिंग पूलला काय चालतं? (पणजी)

उत्तर : शॉर्ट्सचं वीसेक वर्षांपूर्वी बरंच खरं होतं, आता नाही. पॅरिसचा उन्हाळा बदललाय, २५ जुलै २०१९ ला इथं ४२.६ अंश होतं, घराघरात एसी नाही, मेट्रोच्या बऱ्याच डब्यांत नाही, त्यामुळे आता ऑफिसातले लोकही शॉर्ट्समध्ये दिसतात. तरी सकाळी-रात्री गार पडतं, एक पातळ फुल पँट बॅगेत असू द्या.

नोत्र दाम चर्च डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं, तिथं आणि साक्रे करमध्ये नीट कपडे एवढीच अपेक्षा आहे. तुमची टूर पुढे रोमला जाणार असेल तर मात्र सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तिथं दारातून परत पाठवतात. ऑपेरात सूट-टायची सक्ती नाही, इस्त्रीचा शर्ट आणि बूट पुरे.

पूलमध्ये मात्र सगळे आपले लोक अडकतात. पॅरिसच्या महापालिकेच्या पूलमध्ये डोक्याला टोपी सक्तीची, टकलावरसुद्धा, आणि सैल, गुडघ्यापर्यंतच्या स्विमिंग शॉर्ट्स चालत नाहीत, अंगाला घट्ट बसणारीच चड्डी लागते. कारण स्वच्छतेचं, की जी शॉर्ट्स घालून माणूस रस्त्यावर फिरू शकतो ती पाण्यात नको. बायकांचे पूर्ण हातापायांचे स्विमसूटही बहुतेक पूलमध्ये चालत नाहीत. आधी चौकशी करून जा, नाहीतर पोरांना तयार करून नेऊन दारातून परत आणायची वेळ येते.

प्रश्न : डिसेंबरचं बुकिंग आहे. बर्फासाठी मोठे ओव्हरकोट, बर्फाचे बूट भाड्याने घेऊ का? (कोल्हापूर)

उत्तर : पॅरिसपुरते नको. इथं डिसेंबरात साधारण ३ ते ८ अंश असतं, बर्फ क्वचित पडतो आणि पडला तरी टिकत नाही. असतो तो पाऊस, आपल्यासारखा कोसळणारा नाही, बारीक, दिवसभर रेंगाळणारा. मुंबईच्या वर्षभराच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा इथं पडत नाही पण तो बाराही महिने थोडा थोडा वाटलेला असतो, म्हणून इथला माणूस छत्रीपेक्षा टोपीवालं पातळ रेनजॅकेट वापरतो. कंबरेच्या पाऊचमध्ये घडी होणारं ते नायलॉनचं जॅकेट १९६५ मध्ये पॅरिसमध्येच निघालं, के-वे नावाचं, आणि मला विचाराल तर बेरेपेक्षा तोच इथल्या लोकांचा खरा पेहराव आहे, शाळेच्या प्रत्येक पोराच्या दप्तरात सापडेल.

बाहेर थंडी आणि आत हीटर, दिवसातून दहा वेळा काढघाल होते, म्हणून एक अवजड कोट घेण्यापेक्षा थर्मल, स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट असे थर घ्या. गळ्याला मफलर, बायकांनाही आणि पुरुषांनाही, ही इथली सवय मात्र जशीच्या तशी उचला. पुढे स्वित्झर्लंडला डोंगरावर जाणार असाल तर बर्फाचे बूट तिथं भाड्याने मिळतात, कोल्हापूरहून वाहून नेऊ नका.

प्रश्न : तिथूनच कपडे घ्यायचे असतील तर सेल कधी असतो? टॅक्स परत मिळतो म्हणतात. (डोंबिवली)

उत्तर : फ्रान्समध्ये मोठा सेल दुकानदाराच्या मर्जीवर नसतो, सरकार तारखा ठरवतं. वर्षातून दोनदा, हिवाळ्याचा साधारण जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी सुरू होतो आणि उन्हाळ्याचा जूनच्या शेवटच्या बुधवारी, प्रत्येकी चार आठवडे. पहिल्या आठवड्यात मापं सगळी मिळतात, शेवटच्या आठवड्यात भाव पडतात पण फक्त अगदी लहान नाहीतर अगदी मोठं माप उरतं. शिवायची आवड असेल तर मोंमार्त्रच्या पायथ्याशी मार्शे सँ-पिएरचा कापडबाजार आहे, पाच-सहा मजले नुसतं कापड, तिथं दोन तास जातील.

टॅक्स परत मिळायला एकाच दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी हवी, पासपोर्ट दाखवून काउंटरवर फॉर्म मागायचा, ते स्वतःहून देतीलच असं नाही. तो फॉर्म युरोपियन युनियनमधून ज्या ठिकाणाहून शेवटचे बाहेर पडाल तिथं मंजूर करून घ्यायचा, म्हणजे पॅरिसहूनच परत येत असाल तर तिथल्या विमानतळावर पाब्लो नावाच्या मशीनवर स्कॅन करायचा, बॅगा चेक-इन करायच्या आधी, कारण कधी कधी माल दाखवा म्हणतात. टूर पॅरिस-स्वित्झर्लंड-इटली अशी असेल आणि रोमहून विमान असेल तर ते काम रोमला, पॅरिसमध्ये नाही. टूर मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा, शेवटच्या दिवशी विमानतळावर रांग मोठी असते.